साळूबाईचे नातेवाईक

नियमावलीचा बाविसावा नियम लिहून झाला तेव्हा सुमेधाने सगळे कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचले आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाली, "यातून आता मुंगीसुद्धा आत शिरायची नाही!"

मुंगी शिरली नाही, हे खरंच. पण त्या वर्षी धामणवाडीत मुंग्या होत्याच कुठे? ज्या गावात घरोघर दाणा सांडत नाही, त्या गावात मुंगी कशाला येईल! बहात्तरचं साल. शेवगावपासून नऊ मैलांवरचं हे गाव. विहिरींचे तळ दिसत होते आणि तळातले दगडसुद्धा तहानेने फुटल्यासारखे वाटत होते. गुरं छावणीत गेली होती. हातीपायी धड असलेली माणसं पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. दिवसभर गावात राहत ती लहान पोरं आणि थकलेली म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी नगरच्या 'गोदूताई स्मारक निधी'ने शाळेच्या पडवीत लापशीचं केंद्र काढलं होतं. पिवळ्या मक्याच्या भरड्याची, गूळ घातलेली लापशी. दुपारी एक पळी. काही पोरांचं दिवसाचं जेवण तेवढंच.

केंद्रावर कर्मचारी दोन. हिशेबाला आणि देखरेखीला सुमेधा, चुलीपाशी साळूबाई. कर्मचारी दोन आणि नियम बावीस! म्हणजे माणशी अकरा.

यात सुमेधाचा एकटीचा दोष नव्हता. निधीचे अध्यक्ष नृसिंहराव हे निवृत्त मामलेदार. कायद्याचे इतके भक्त की घरातलं मांजर चार दिवस दिसलं नाही तर त्याचा रजेचा अर्ज कुठाय म्हणून विचारतील. मक्याचा भरडा पाठवणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी त्यांना कळवलं होतं, की कर्मचाऱ्यांनी कसं वागावं याचे लेखी नियम पाहिजेत, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहायला आमचा माणूस येईल. नियम नसतील तर भरडा बंद. नृसिंहरावांनी ते काम सुमेधावर सोपवलं. ती नेवाशाच्या भिक्षुकाची मुलगी. मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा पास, वय सव्वीस. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली. काय चालतं आणि काय चालत नाही, यावर बावीस नियम म्हणजे तिच्या हातचा मळ!

पहिला इंगा दाखवला तो तिसऱ्या नियमाने. 'कर्मचाऱ्याने लाभार्थ्याकडून कोणतीही वस्तू, खाद्य वा पेय स्वीकारू नये. देऊ केल्यास भेट-नोंदवहीत नोंद करून परत करावे.' सुमेधा पोरांची नावं लिहायला घरोघर हिंडली. ज्या घरी जाईल तिथे आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि एका हंड्यासाठी बायका पहाटेपासून रांगेत बसायच्या. त्यातलं ते पाणी.

"घ्या बाई, उन्हाचं आलात."

"नको. नियम आहे."

"पान्याला कसला आलाय नियम?"

सुमेधा काखेतली वही काढायची आणि लिहायची : 'देऊ केलेली भेट : पाणी, एक तांब्या. परत केले.' सातव्या घरापर्यंत तिच्या जिभेला कोरड पडली, पण वहीचं पहिलं पान भरलं. संध्याकाळपर्यंत गावाने तिचं नाव ठेवलं, नियमबाई.

मग तक्रारपेटी बसवली. कुलूप लावलेली, वर फट असलेली लाकडी पेटी. कर्मचाऱ्यांविरुद्ध काही असेल तर निर्भयपणे लिहावं. महिन्याने उघडली तर आत एक विंचू, दोन तुटक्या बांगड्या आणि एकच चिठ्ठी निघाली. 'तक्रार कोणाविरुद्ध : पावसाविरुद्ध. तक्रारीचे स्वरूप : येत नाही.' सुमेधाने तीही नियमाप्रमाणे नगरला पाठवली. नृसिंहरावांचा शेरा आला : 'आपल्या अधिकारकक्षेबाहेर.'

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो सातव्या नियमाने.

'कर्मचाऱ्याच्या नातेवाइकास संस्थेचा कोणताही लाभ देऊ नये. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या गावातील नातेवाइकांची यादी सोबतच्या फॉर्ममध्ये द्यावी. नातेवाईक म्हणजे रक्ताचे, लग्नाचे तसेच मानलेले.'

'तसेच मानलेले' हे दोन शब्द सुमेधाचे स्वतःचे. त्यांचा तिला फार अभिमान होता. नेवाशाच्या रेशन दुकानात मानलेल्या भावाला मागच्या दाराने साखर मिळताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती पळवाटच तिने बुजवून टाकली!

सुमेधाचं धामणवाडीत कुणी नव्हतं, तिचा फॉर्म एका मिनिटात झाला. मग तिने साळूबाईला समोर बसवलं. साळूबाई पन्नाशीची विधवा. लिहिता येत नव्हतं, पण शब्दाची अशी पक्की की गाव म्हणायचं, साळूबाईनं सांगितलं म्हणजे तलाठ्यानं लिहिलं. सुमेधाने तिच्याकडून चुलीला हात लावून शपथ घेववली.

"गावातले तुमचे नातेवाईक सांगा. एकही लपवायचा नाही."

"लपवू कशाला? चूल साक्षीला हाय. लिवा. सहादू अण्णा."

"सरपंच? कोण तुमचे?"

"चुलत दीर. त्येचे चार भाऊ, त्येंची पोरं. समदी भाऊबंदकी लिवा, अठरा घरं."

सुमेधाने अठरा घरं लिहिली. "झालं?"

"आता कुटं झालं? कासाराची मालनबाई. भईन."

"कासाराची मालनबाई तुमची बहीण कशी होईल?"

"माजी इंदू झाली तवा मला दूध न्हवतं. मालनबाईनं पाजलं तिला सा म्हैने. मंग कोन ती? शेजारीन?"

सुमेधाने 'तसेच मानलेले' या शब्दांकडे पाहिलं आणि लिहिलं : बहीण.

"आसाराम सुतार, मामा. माज्या लग्नाचा चौरंग त्येनं केला. कानिफनाथ गुरव, गुरुभाऊ. एकाच म्हाराजानं दोघांचं कान फुकलं. भीमा माज्या लेकावानी. त्येची आय वारली, दोन सालं मीच न्हाऊमाखू घातला..."

"साळूबाई, असं धरलं तर सगळं गावच—"

"तुमीच म्हनला, एकबी लपवू नगं."

तीन दिवस ही यादी चालली. कागद संपले, नगरहून मागवले. शेवटी बेरीज आली एकशे बारा घरं. धामणवाडीत घरं होती एकशे बारा.

सुमेधाला घाम फुटला. खोडावं म्हटलं तर चौदावा नियम आडवा आला. 'कर्मचाऱ्याने दिलेले निवेदन खाडाखोड न करता, पूर्ण भरून, जसेच्या तसे अध्यक्षांकडे पाठवावे.' हाही तिचाच! तिने ते बाड तसंच पाठवलं, सोबत चिठ्ठी जोडली की मार्गदर्शन व्हावं. नृसिंहरावांनी एकशे बारा नावांवर लाल शाईने एकशे बारा बरोबरच्या खुणा केल्या. खाली लिहिलं : 'फॉर्म व्यवस्थित आहे. नियमाप्रमाणे कार्यवाही करावी.'

सोमवारी दुपारी सत्तर पोरं आणि वीस म्हातारी पडवीत ताटल्या घेऊन बसली. कढईत लापशी रटरटत होती. गुळाचा वास गल्लीभर गेला होता. साळूबाईने पळी कढईवर आडवी ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

"वाढा ना," सुमेधा म्हणाली.

"कुनाला वाढू? समदी माजीच नातेवाईक. नियम तुमचा हाय."

पोरं पळीकडे बघत होती. कुणी रडलं नाही. त्या साली पोरांनी रडणं सोडलं होतं, रडायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. सुमेधाने नियमावली पहिल्यापासून चाळली. तेवढ्यात सरपंच सहादू अण्णा आले. पांढऱ्या मिशांचे, बारीक डोळ्यांचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पटका सारखा केला आणि म्हणाले, "एवडंच व्हय? मंग नातं तोडू!"

"असं कसं तोडता येईल?"

"अवो बाई, आमच्यात वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाचं नातं तुटतंय. लापशीसाठी तोडाया काय हुतंय? आना कागद!"

शाळेपुढच्या निंबाखाली गाव गोळा झालं. सुमेधाने लिहिलं : 'आम्ही खाली अंगठा करणार लिहून देतो की आजपासून साळूबाईशी आमचे रक्ताचे, लग्नाचे वा मानलेले कसलेही नाते नाही.' एकेक अंगठा उमटू लागला. आसाराम मामाने अंगठा केला आणि तो धोतराला पुसत राहिला, शाई गेली तरी पुसत राहिला. मालनबाई कासारीण मात्र हात पदरात लपवून उभी.

"मी न्हाई देनार अंगठा. माज्या दुधाचं काय? ते कसं तुटतंय?"

साळूबाई तिच्या अंगावर धावून गेली. "दे गं सटवे! पोरं ताटं घिऊन बसल्यात!"

मालनबाईने अंगठा दिला. साळूबाईने पळी उचलली आणि वाढायला लागली. लापशी निवली होती, पण पोरांनी ताटल्या चाटून इतक्या लख्ख केल्या की त्या धुवायला पाणी लागलं नाही.

राहिली फक्त भागूबाई. साळूबाईची सासू. ऐंशीच्या पुढची, तोंडात एक दात आणि तोही शोभेचा. जीभ मात्र तीस वर्षांच्या बाईची. तिचाही अंगठा घ्यावा असं सहादू अण्णा म्हणत होते. सुमेधाच म्हणाली, "नाही चालणार. एका घरात, एका चुलीवर राहता. तपासणीला येणारा माणूस हे आधी पकडेल आणि मग सगळाच कागद खोटा पडेल."

असं करून नव्या फॉर्मवर एकच नाव उरलं आणि अंगठ्यांच्या कागदासकट नृसिंहरावांनी तोही मंजूर केला. नातेवाईक : एक. आणि त्या वीस म्हाताऱ्यांतून एकीची ताटली उठली.

"आता गं?" भागूबाई म्हणाली. "साठ वर्सं ह्या घरात काडली, तवा सासू म्हनून मान मिळाला न्हाई. आता सरकारी मिळाला, तर जेवान बंद! मला काडीमोड द्या की सुनंपास्नं!"

सगळे हसले. सुमेधाही हसली. तेव्हा ते सगळं हसण्यासारखंच वाटत होतं.

गावाने नातं तोडण्याचा सराव चोख केला. साळूबाईला कुणी काकू म्हणेना, आत्या म्हणेना. 'वो बाई, वाढा' म्हणायला पोरांना शिकवलं. एखादी चिमुरडी चुकून 'आत्या' म्हणाली की शेजारची तिला चिमटा काढायची. मालनबाई रस्त्यात दिसली की तोंड फिरवून जायची आणि वळणावर जाऊन रडायची.

घरी भागूबाईपुढे मिलोची भाकरी असायची. त्या साली रेशनवर मिळणारी ती लाल, बाहेरदेशची ज्वारी. तिची भाकरी जवान माणसाच्या दाढा हलवायची, तिथे एका दाताने काय करावं? साळूबाईला केंद्रावर स्वतःची पळी मिळे, पण नवव्या नियमाप्रमाणे ती तिथेच बसून खायची, घरी न्यायची नाही. साळूबाई भाकरी पाण्यात भिजवून द्यायची. म्हातारी चोखायची आणि थुंकायची. अंग झपाट्याने उतरायला लागलं.

सुमेधाने नगरला लिहिलं की एक वृद्धा आहे, विशेष बाब म्हणून परवानगी मिळावी. उत्तर आलं : 'विचाराधीन.' पुन्हा लिहिलं. उत्तर आलं : 'आपले दुसरे पत्र पहिल्या पत्रासोबत विचाराधीन.'

मग एके दिवशी तिने स्वतःच्या तांदळाची मऊ पेज केली, मीठ घातलं, वाटी पदराखाली झाकून साळूबाईच्या घरी गेली. भागूबाई उंबऱ्यापाशी वाकळेवर पडली होती. सुमेधाला पाहून उठून बसली. हात लांब करून तांब्या पुढे सरकवला.

"घ्या बाई. आदी पानी."

"नको आजी. मी पेज आणलीय, ती घ्या."

"तुमी पानी घ्या, मी पेज घेते."

आता ही गंमत बघा. घरात तिसरं माणूस नव्हतं. बघणारं कुणी नव्हतं. वही केंद्रावर राहिली होती. एक घोट पाणी प्यायला काय जात होतं? पण सुमेधाला वाटलं, आज एक घोट घेतला तर आजवर सत्तर घरांचं परत केलं त्याला काय अर्थ राहिला! आणि तपासणी चार दिवसांवर आली होती.

"आजी, नियम आहे हो."

भागूबाई हसली. तो एक दात दिसला. "आमाला न्हाई व्हय नियम? ज्येला आमचं पानी चालत न्हाई, त्येचं अन्न आमी खात न्हाई. माजा बापबी पाळायचा ह्यो नियम. लिवलेला न्हवता, एवडंच."

सुमेधा वाटी ठेवून आली. दुसऱ्या दिवशी साळूबाईने ती परत आणून दिली. वर फडकं झाकलेलं, पेज तशीच. वर साय धरली होती. "मीबी लई इनवलं," साळूबाई म्हणाली. "म्हातारी म्हनली, नियमबाईला सांग, परत केली म्हनून वहीत लिव."

तपासणीचा दिवस उजाडला. नऊ वाजता जीप आली. नृसिंहराव उतरले, ठेंगणे, काळा कोट, काळी टोपी. मागून मुंबईचे शामकांत, ताडमाड उंच. मान लववून उतरले तरी टपाला डोकं लागलं. गाव चिडीचूप होतं. त्या दिवशी कामावर कुणी गेलं नव्हतं, तरी एका दारात माणूस दिसेना. नृसिंहराव प्रसन्न झाले. "शिस्त आहे गावाला!"

वह्या तपासल्या. भेट-नोंदवही पाहून शामकांतांच्या भुवया वर गेल्या. "एकशे त्रेसष्ट तांबे पाणी परत केलं तुम्ही?" सुमेधाची मान अभिमानाने ताठ झाली. मग ते चुलीपाशी आले. साळूबाई लापशी ढवळत होती, पदर पुढे ओढलेला.

शामकांतांनी फॉर्म पाहिला. "नातेवाईक एकच. भागूबाई, सासू. त्यांना इथली लापशी मिळत नाही ना?"

"न्हाई जी. आता नगंच तिला."

"का बरं?"

"पहाटं गेली."

"कुठे गेली?"

साळूबाईने पळी वर केली. आभाळाकडे. मग पुन्हा ढवळायला लागली.

सुमेधाला कढईची वाफ लागल्यासारखं झालं. नृसिंहराव ओरडलेच, "अहो, मग तुम्ही इथे काय करताय? सुतकात चुलीपाशी?"

"सायेब, तपासनी हाय न्हवं? चूल पेटली न्हाई तर तुमचा शेरा पडंल. भरडा बंद हुईल. पोरांच्या पोटाला सुतक नसतंय."

"आणि प्रेत?"

"घरात हाय. गार पडलीया. कुटं जातीया?"

"गावातली माणसं कुठायत? नातेवाईक?"

"माजं गावात कुनी न्हाई सायेब," साळूबाई शांतपणे म्हणाली. "लेक दिली सोनईला, ती सांजच्याला पोचंल. हितं कुनी न्हाई. तुमीच मंजूर केलंय."

नृसिंहराव तडक सहादू अण्णांच्या दाराशी गेले. अण्णा उंबऱ्यात उभे, हात पाठीशी बांधलेले, डोळे तांबारलेले.

"सरपंच, म्हातारीचं प्रेत घरात आहे आणि गाव दारं लावून बसलंय? माणुसकी आहे की नाही?"

"परक्याच्या मढ्याला आमी कसा हात लावनार, सायेब? कागद दिलाय लिवून. उद्या तुमी म्हनाल नातं हुतं. मंग सत्तर पोरं उपाशी." अण्णांचा आवाज फुटला. त्यांनी खाकरून तो जागेवर आणला. "बायकांस्नी रडायचीबी बंदी क्येलीया मी. तुमची जीप जाऊ द्या."

जीप जाऊ द्या! पण जीप जाईना. धामणवाडीच्या रस्त्याने तिचं पाणी संपलं होतं आणि इंजिनातून वाफ निघत होती. ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन निंबाखाली उभा होता. टँकर यायचा होता दुसऱ्या दिवशी.

ऊन चढायला लागलं. शामकांतांनी घड्याळ पाहिलं. नृसिंहरावांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. म्हातारीच्या दाराशी पाहतात तर बांबू, कडबा, सुंभ आणि नवं मडकं रचून ठेवलेलं. कुणी ठेवलं ते कुणाला माहीत नाही. ड्रायव्हर वांबोरीचा, जाणता माणूस. त्याने तिरडी बांधली. "तीन मानसं झालो सायेब. चौथा लागंल."

 सुमेधाने पदर खोचला आणि मागचा डावा बांबू धरला. बाईने खांदा द्यायचा नसतो, हे भिक्षुकाच्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. पण बावीस नियमांत तो कुठे लिहिलेला नव्हता.

पुढे ड्रायव्हर आणि नृसिंहराव, मागे शामकांत आणि सुमेधा. तिरडी उचलली मात्र, ती अशी तिरपी झाली की काय सांगावं! शामकांतांचा कोपरा आभाळात आणि नृसिंहरावांचा जमिनीला टेकायला आलेला. म्हातारी नृसिंहरावांच्या बाजूला घसरायला लागली. म्हातारीचं वजन ते किती? मुठीत मावेल एवढी राहिली होती. पण चौघांची पावलं जुळेनात, एक थांबला की दुसरा चालायचा. शामकांत गुडघ्यात वाकून चालायला लागले, नृसिंहराव टाचा उंच करून. मडकं हातात धरून साळूबाई पुढे, एकटीच.

बंद दारांच्या फटीतून गाव बघत होतं. वेशीपाशी एका दारामागून आवाज आला, "डोकं फुडं झालंय! पाय फुडं करा, पाय!"

चौघे गोंधळून जागच्या जागी गोल फिरले. तिरडी निंबाच्या फांदीला अडकली.

"तिकडं न्हाई! वड्याकडं!" दुसरं दार.

"आरं, सायबाचा खांदा बदला कुनीतरी, पडंल म्हातारी!" तिसरं दार.

नृसिंहराव ठेचकाळले. बांबू सुटला. म्हातारीचा एक हात कडब्यातून बाहेर आला आणि लोंबायला लागला. त्या हातावर काचेची एक हिरवी बांगडी होती. मालनबाई कासारणीने गेल्या संक्रांतीला हौसेने भरलेली. विधवेला कशाला म्हणून बायका बोलल्या होत्या, तर भागूबाई म्हणाली होती, 'मरायच्या वयात नटले तर यमच लाजंल.'

आणि मालनबाईचं दार धाडकन उघडलं. "आत्याबाई गंऽऽ!" असा हंबरडा फुटला की निंबावरचा एकुलता एक कावळा उडाला. मग दुसरं दार, तिसरं, मग सगळंच गाव. सकाळपासून दाबून ठेवलेलं रडणं एकदम बाहेर पडलं. सहादू अण्णांनी सुमेधाच्या खांद्यावरचा बांबू काढून घेतला.

"सोडा बाई. लई झाला नियम."

ओढ्याच्या कोरड्या पात्रात अग्नी दिला. सगळे परत निंबाखाली येऊन बसले. शामकांतांनी अहवालाची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. गुडघे चोळत गावाकडे बघितलं. "यातले साळूबाईचे नातेवाईक कितीजण आहेत?"

"समदे," सहादू अण्णा म्हणाले.

शामकांतांनी टोपण परत लावलं. कुणीतरी आपला पिण्याचा हंडा आणून जीपमध्ये ओतला. जीपमध्ये चढताना नृसिंहराव सुमेधाला एवढंच म्हणाले, "घोषणापत्र खोटं ठरलं. नवीन भरून पाठवा. पूर्ण. नियम चौदा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. टोपी मात्र ते निंबाखाली विसरून गेले.

सुतकाचे दिवस साळूबाई आली नाही. सुमेधाने स्वतः लापशी केली. तिचं गावात कुणी नव्हतं, त्यामुळे सगळं नियमात बसलं. तक्रारपेटीत पहिली खरी तक्रार निघाली ती तेव्हा. 'लापशी करपते.'

सुतक फिटल्यावर साळूबाई आली. सुमेधाने नवा फॉर्म काढला. जुनी एकशे बारा घरं पुन्हा लिहून झाली. भागूबाईच्या नावापुढे सुमेधाला 'मयत' लिहायचं होतं, पण हात चालेना.

"आनखी चार नावं घाला," साळूबाई म्हणाली. "खांदा देनारा परका ऱ्हात न्हाई. मामलेदार सायेब, माजं दीर. ते उंच सायेब, भाचं लिवा. डायवर भाऊ."

"आणि चौथं?"

"चौथ्या तुमी."

"माझ्यापुढे काय लिहू?"

साळूबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.  "ते मोकळंच ऱ्हाऊ द्या."

सुमेधाने फॉर्म तसाच पाठवला. आता दीर म्हणून अध्यक्षांचंच नाव आल्यावर नगरला काय भडका उडेल, या धास्तीने तिने आठवडाभर सामान बांधून ठेवलं. उत्तर आलं. नृसिंहरावांचंच अक्षर, लाल शाई. 'दीर' या शब्दापुढे बरोबरची खूण होती. खाली लिहिलं होतं : 'अनुक्रमांक ११६ पुढील नात्याचा रकाना रिकामा आहे. अपूर्ण फॉर्म स्वीकारता येत नाही. फॉर्म पूर्ण होईपर्यंत नियम सातची अंमलबजावणी स्थगित ठेवावी. वाटप चालू ठेवावे.'

सुमेधा ते पत्र घेऊन धावत साळूबाईकडे गेली. साळूबाईने ऐकून घेतलं आणि उंबऱ्यापाशी, जिथे वाकळ असायची तिथे, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सुमेधाने तो दोन्ही हातांनी उचलला आणि सगळा प्यायली. टँकरचं पाणी होतं, त्याला डिझेलचा वास होता. वहीत तिने काही लिहिलं नाही.

"आता तरी सांगा, काय लिहू?"

साळूबाईने तांब्या पालथा घातला. "बगू. म्हातारीला इचारून सांगते."

पुढच्या सुगीला केंद्र बंद झालं, तोवर सुमेधा दर सोमवारी त्या उंबऱ्यात जायची, पाणी प्यायची आणि तेच विचारायची. दर सोमवारी तेच उत्तर मिळायचं. रकाना रिकामा राहिला, म्हणून फॉर्म अपूर्ण राहिला, म्हणून नियम स्थगित राहिला, म्हणून सत्तर पोरं जेवत राहिली. साळूबाई ते पोरांसाठी करत होती की सुमेधाला क्षमा करायची तिची तयारी नव्हती, हे सुमेधाला तेव्हा कळलं नाही. पुढे विचारायचं म्हटलं तर तक्रारपेटीही उरली नव्हती!